सोसायटीतली कुत्री: भांडण खायला घालण्यावरून, लशीचं मात्र कुणी विचारत नाही

कवडसा

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या ऑगस्टपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्यांखेरीज दुसरा विषय नाही. खायला घालणारे एका बाजूला, त्यांना "तुमच्या घरी न्या" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. न्यायालयाचे आदेश दोघेही तोंडावर फेकतात, पण जो तो आपल्या सोयीचं अर्धंच वाक्य फिरवतो. म्हणून आधी ते सलग मांडते.

११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असं सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. नसबंदी करा, जंतनाशक द्या, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. फक्त पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. शिवाय रस्त्यात वाटेल तिथे खायला घालायचं नाही, पालिकेने त्यासाठी जागा ठरवून द्यायच्या. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत, असं आलं.

म्हणजे सोसायटीच्या आवारातली कुत्री आज तरी तिथेच राहणार आहेत. ती कशी राहणार, एवढंच आपल्या हातात आहे. आमच्याकडे दोन तास कडाकडा भांडण झालं आणि त्यात एकानेही विचारलं नाही की यातल्या किती कुत्र्यांना रेबीजची लस दिलीय, किती माद्या अजून विणार आहेत. खायला घालणाऱ्यांना माहीत नव्हतं, विरोध करणाऱ्यांनाही नाही. मला हा सगळा वादच चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. रोज बिस्किटं टाकून लस न देणारा माणूस त्या कुत्र्याचं भलं करत नाही. आणि नुसती हाकलून लावणारा शेजाऱ्याच्या दारात तोच धोका ढकलतो.

तुमच्याकडे काय स्थिती आहे? कुणी हे काम नीट मार्गी लावलं असेल तर कसं, ते लिहा. प्राणीप्रेमी विरुद्ध माणूसप्रेमी असं वळण कृपया देऊ नका.

---

उंबरठा

कवडसाताई, तळमळ पोचली, पण माझी बाजूही मांडते. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेची रिक्षा गेटपर्यंतच येते, तिथून इमारतीपर्यंत चालत यावं लागतं. त्या वाटेवर एक कुत्री व्यालीय. पिल्लांच्या चार-पाच हात जवळून गेलं तरी ती दात विचकत धावून येते. मुलगी आता खाली उतरायलाच तयार नसते. "ते पण जीव आहेत" हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. माझ्या मुलीने निर्धास्त चालत यावं, एवढंच मागते. त्याचं उत्तर लस आणि नसबंदीने मिळतं का?

---

गावशीव

उंबरठाताई, बऱ्याच अंशी मिळतं, फक्त लगेच नाही. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. गाभण काळ दोन महिन्यांच्या आसपास. म्हणजे दिवाळीपासून पुढे थंडीभर जिकडेतिकडे पिल्लं दिसतात. एरवी गरीब असलेली कुत्री या दिवसांत धावून येते ती पिल्लांपायी. नरांच्या टोळ्या माजावरच्या मादीमागे लागतात, आपसात फाडाफाडी करतात, तेव्हा मध्ये सापडलेल्या माणसालाही चावतात. नसबंदी झाली की ही दोन्ही कारणं संपतात. कुत्रं तिथेच राहतं, पण त्याचं माणसांच्या अंगावर धावून येण्याचं मोठं निमित्त जातं.

आता गावाचं सांगतो, कारण या चर्चा सोसायटीच्या गेटबाहेर पडत नाहीत. आमच्याकडे "भटकं" असं कुत्रं थोडंच. बहुतेकांना घर असतं, नाव असतं, पण साखळी नसते. दिवसभर शिवारात, रात्री अंगणात. मालक आहे म्हणून पालिकेसारखी यंत्रणा त्याच्याकडे बघत नाही आणि मालक लस देत नाही, कारण त्याला वाटतं आपलं कुत्रं कुठे पिसाळणार. गुरांचे डॉक्टर तालुक्याहून येतात ते गाईम्हशींसाठी. कुत्र्याला मोटरसायकलवर घालून तालुक्याला कोण नेणार?

आणि कचरा. वेशीबाहेर चिकनवाल्यांचा पिसं-आतडी टाकायचा खड्डा आहे. त्यावर पोसलेला कळप आता शेळ्या-करडांवर जातो. त्या खड्ड्यावर माती टाकायला सांगून ग्रामपंचायत थकली. कुत्री मारून पाहिली, तर वर्षभरात बाजूच्या वाड्यांवरून दुसरी आली, कारण खड्डा तसाच होता.

---

शलाका

धागा बघून राहवलं नाही. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, इंजेक्शनच्या खोलीत कुत्रा चावलेले रुग्ण रोज बघते. सविस्तर लिहिते, कारण लोक अजूनही अशा चुका करतात ज्या जिवावर बेततात.

चावलं की सगळ्यात आधी नळ. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे खरंच घड्याळ लावून, दोनदा पाणी ओतून नाही. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. इतकं साधं काम, पण आमच्याकडे रुग्ण येतात ते जखमेत हळद, चुना, तंबाखू, कुणी तर तिखट भरून. ते आधी खरवडून काढावं लागतं आणि तेवढ्यात जखम आणखी चोळली जाते. काहीही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

मग लस. जनावराने नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर काही लागत नाही. ओरखडा आहे, रक्त नाही, तरी लस लागते. रक्त आलं, किंवा फाटलेल्या कातडीवर, तोंडात, डोळ्यात लाळ गेली तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते दंडात नाही, जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. बोटाच्या पेरावर चावलेलं असेल तर तिथे जागाच नसते, थेंब थेंब करून द्यावं लागतं आणि रुग्ण कळवळतो. तरीही ते टाळू नका. लशीने शरीर स्वतःची ताकद तयार करायला काही दिवस घेतं, तोपर्यंत जखमेतच विषाणूला अडवायचं काम हे औषध करतं. विषाणू रक्तातून नाही, मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. म्हणून चेहरा, मान आणि बोटं यांवरचे चावे जास्त घातक.

"पोटात चौदा इंजेक्शनं" ही भीती अजून गेलेली नाही. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात ती बंद होऊन दोन दशकं झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर कातडीतल्या कातडीत देतात, पहिला डोस लगेच, आणि तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. मोफत असते. दुखणं म्हणजे मुंगी चावल्याइतकं. पण चौथा डोस घ्यायला लोक परत येत नाहीत, कारण तोवर जखम भरलेली असते.

एक गोष्ट फार तळमळीने सांगते. पिल्लाचा चावा हाही चावाच. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका तरुण कबड्डीपटूची बातमी आली होती. नाल्यातलं पिल्लू बाहेर काढताना त्याला बोटाला जरासं लागलं, त्याने लस घेतली नाही आणि तो गेला. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात काही उरत नाही. असा रुग्ण मी पाहिलाय. तहान लागलेली असते, पाण्याचा पेला मागतो, आणि पेला ओठाजवळ आला की घसा आवळतो, सगळं अंग झटका बसल्यासारखं मागे जातं. पंख्याचा वाराही सोसत नाही. शुद्धीवर असतो हो तो, सगळं कळत असतं.

मुलांना धाक घालू नका. "कुत्र्याजवळ गेलास तर बघ" म्हटलं की मूल ओरखडा लपवतं.

---

उंबरठा

शलाकाताई, शेवटची ओळ वाचून आत गेले आणि मुलीला जवळ बसवून विचारलं. तिला काही लागलेलं नाही. पण "लागलं तर मी रागावणार नाही" हे मी तिला आजवर कधी म्हटलेलं नव्हतं. मनापासून आभार.

दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असं ऐकलंय, ते काय?

---

शलाका

चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात आणि पुढचे डोस थांबवता येतात की नाही ते डॉक्टर ठरवतात. पण लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. "दहा दिवस बघू आणि मग ठरवू" हे कधीही नाही.

---

ठाम

सगळं मान्य. पण या उपायांना वर्षं लागणार आणि तोवर चावे सोसायचे कुणी? परदेशात बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सरकारने मोठे निवारे बांधावेत, सगळी कुत्री तिथे ठेवावीत, ज्यांना कळवळा आहे त्यांनी तिथे जाऊन सेवा करावी. मला यात क्रूर काही दिसत नाही.

---

रानवाट

ठाम, तुमचा त्रागा समजतो. मी पशुवैद्यक आहे, नसबंदीच्या शिबिरांत काम करतो, म्हणून जे हाताळलंय त्यावरून लिहितो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १.५३ कोटी होती, त्यातली महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख. एवढ्यांना आयुष्यभर जागा, अन्न आणि डॉक्टर पुरवायचे कुठून, हा झाला पहिला प्रश्न. दुसरा जास्त जवळचा आहे. अनोळखी कुत्री एका आवारात दाटीने ठेवली की पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे रोग येतात, आणि मग रोज सकाळी पिंजऱ्यांतून काय काढावं लागतं ते मी इथे लिहीत नाही. पिसाळलेल्या, खरोखर आक्रमक किंवा अपंग कुत्र्यांसाठी निवारे हवेतच, आणि आजच्या शहरांत तेवढेही नाहीत. पण सगळ्यांसाठी निवारे हा उपाय कागदावरच राहील आणि त्या नादात लशीचं कामही मागे पडेल.

वर्षं लागतात म्हणालात, तर लशीला तेवढी लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली तर त्यांच्यातलं संक्रमण तुटतं. आपल्या शेजारी गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्था मिळून हे दरवर्षी करत आल्या. हातजाळी घेऊन वाडी-वाडी फिरायचं, लस टोचायची, रंगाची खूण करायची, कोणती गल्ली झाली ते मोबाईलवर नोंदवायचं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. रस्त्यावरची कुत्री गोव्यात आजही आहेत. मेक्सिकोने तर कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीजच संपवला, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केलं. तेही कुत्र्यांच्या लशीच्या जोरावरच.

नसबंदीचं गणित वेगळं आहे, तिथे अर्धवट काम म्हणजे वाया गेलेलं काम. एका प्रभागातल्या दहा माद्यांपैकी चार पकडल्या तर उरलेल्या सहा पुढच्या हंगामात ती जागा भरून काढतात. पालिकेच्या नसबंदीच्या कंत्राटात "इतकी कुत्री" असा आकडा असतो, मग गाडी सोपी कुत्री उचलते. सोपी म्हणजे शेपूट हलवत जवळ येणारी. बुजरी मादी, जी गटारात पिल्लं घालते, ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

आणि इथेच खायला घालणाऱ्यांची गरज लागते. त्यांच्या हाकेला ती बुजरी मादी ठरल्या वेळी ठरल्या जागी येते. तिच्या अंगावर शांतपणे जाळी टाकता येते. पाठलाग करून पकडलेलं कुत्रं इतकं घाबरलेलं असतं की भूल देतानाच भीती वाटते, आणि सुटल्यावर ते गाडीचा आवाज जन्मभर विसरत नाही. दुसऱ्यांदा ते हाती लागत नाही. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवावं लागतं, तेव्हा त्या रात्री प्रेमापोटी कुणी दूध-पोळी घातली नाही तर बरं.

कान बघायची सवय लावा. एका कानाच्या टोकाला कात्री लावलेली दिसली की नसबंदी झालीय. त्याच वेळी रेबीजची लसही देतात, पण तिचा असर कायम टिकत नाही, ती दरवर्षी द्यावी लागते. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. कान कापलेला दिसला की लस झालीच असं धरून चालतात.

---

पांथस्थ

ठाम यांच्या मुद्द्यावर थोडा इतिहास. मुंबईत ब्रिटिशांनी कुत्री मारायचा रस्ता फार आधी धरला होता. ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारायची आणि मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस. जून १८३२ मध्ये ही मोहीम पारशांच्या पवित्र दिवसाशी येऊन भिडली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान, अंत्यविधीतही कुत्र्याने मृतदेहाकडे पाहावं लागतं. फोर्टात दंगल झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, त्यात हिंदू, जैन, मुसलमानही होते. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरापोळ, म्हणजे जनावरांचा आसरा, उभा केला. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचं रुग्णालयही त्याच शतकातलं.

मारायची पद्धत त्यानंतरही मुंबईत चालूच राहिली, १९९४ च्या सुमारास थांबली. दीडशेहून अधिक वर्षं कुत्री मारली, पण त्याने ना कुत्री संपली, ना रेबीज. नसबंदीचे केंद्राचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने लिहिले गेले.

आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाच्या चित्रातही घोड्याबरोबर कुत्रा धावतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मला त्या गोष्टीतलं तूप फार मोलाचं वाटतं. त्यांनी कुत्र्याला नुसतं जाऊ दिलं नाही, कोरडी पोळी त्याला बाधू नये याची काळजी केली. आजच्या काळात ती काळजी लशीच्या सुईतून करायची आहे, असं मी मानतो.

---

ठाम

रानवाट, पांथस्थ, उत्तरं आवडली. गोव्याचं माहीत नव्हतं. निवाऱ्यांबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण लस आधी, हे पटलं. रात्रपाळीवरून दुचाकीने येताना कुत्री मागे लागतात त्याचं काय करायचं? गेल्या वर्षी माझा सहकारी त्यात पडला, खांदा निखळला.

---

गावशीव

वेग वाढवू नका, मागे वळून लाथही मारू नका. पळणाऱ्या वस्तूमागे धावायचं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. गाडी हळू करा, गरज पडली तर थांबवून सरळ बसून राहा, दरडावून "हट्" म्हणा. बहुतेक वेळा ती जागेवर थांबून नुसती भुंकतात. पायी असाल तर पाठ दाखवून पळू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूहळू बाजूला सरका.

---

रानवाट

बरोबर. आणखी एक धोक्याची गोष्ट. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे दिसेल त्याला चावत सुटणारंच, असं नसतं. एक प्रकार मुका असतो. कुत्रं कोपऱ्यात अंधारात पडून राहतं, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. दयाळू माणूस बोट घालून हाड काढायला जातो. हे कधीच करू नका. लांबूनच पालिकेला किंवा पशुवैद्यकाला कळवा. आणि जे रोज कुत्री हाताळतात त्यांनी न चावताच आधी लस घेऊन ठेवावी. मग पुढे कधी चावलं तर एक लगेच आणि एक तीन दिवसांनी अशा दोनच मात्रा पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

---

कवडसा

सगळ्यांचे आभार. यातलं बरंचसं आमच्या ग्रुपवर टाकलं आणि काल बैठक झाली. २०२३ च्या नियमांत खायला घालण्याच्या जागेबद्दल स्पष्ट लिहिलंय: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्या-जाण्याच्या दारांपासून आणि ज्येष्ठांच्या वावरापासून दूर, आणि वेळही ठरलेली. आमच्याकडे आजवर गेटजवळच खायला घालत होते. आता पाण्याच्या टाकीमागची जागा ठरली. खाऊन झाल्यावर जागा साफ करायची जबाबदारी घालणाऱ्यांची. उरलेलं अन्न उंदीर आणि कावळे ओढतात म्हणून ज्यांची तक्रार होती ते यावर राजी झाले.

दुसरं, वही केली. प्रत्येक कुत्र्याचा फोटो, नर की मादी, कान कापलाय का, लस कधी. व्यालेली कुत्री पिल्लं दूध पीत असेपर्यंत नेता येत नाही आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांचीही शस्त्रक्रिया करत नाहीत, हे रानवाट यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं. तोवर तिच्या कोपऱ्याभोवती पत्र्याचा आडोसा लावलाय आणि मुलांची वाट दुसऱ्या बाजूने वळवली. उंबरठाताई, तुमच्याकडेही तात्पुरतं एवढं करून बघा. पिल्लं नजरेआड झाली की आई बरीच निवळते.

पालिकेला आम्ही लेखी पत्र दिलंय की एकेक नको, आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या सगळ्या माद्या एकाच फेरीत न्या. सही खायला घालणाऱ्यांचीही आहे आणि विरोध करणाऱ्यांचीही.

---

उंबरठा

आडोशाचं आजच वॉचमनकाकांशी बोलते. एक शंका: आमची मांजर घरातच असते, बाल्कनीपलीकडे जात नाही. तिलाही लस हवी का?

---

शलाका

हो. मांजरालाही रेबीज होतो आणि तिच्यामुळे माणसालाही. बाल्कनीत बाहेरचा बोका येतोच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. आणि ओरखडा निघाला तर "घरातलीच आहे" म्हणून सोडून देऊ नका, आधी साबणाने धुवा आणि मग दवाखान्यात दाखवा. माकडाच्या बाबतीतही हेच.